पडद्यावरचा गणपती

१२ ऑक्टोबर १९९९, मंगळवार

...नळ आला की मी आधी पाण्याचे दोन पितळी गुंड भरून घेत असे, मग अंगणात सडा, मग चहा. तोवर हे आंघोळ करून जुन्या धोतराच्या फडक्यानं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, पुसत. आधी मशीन, मग त्याच फडक्यानं स्वतःचा चष्मा. देवाला दिवा लावून देवघरातली फ्लॉपी काढायची, मशीनमध्ये घालायची, बटण दाबायचं. घरघर होऊन पडद्यावर गणपती उमटायचा. हे हात जोडायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, “चला, साहेब आले, कामाले लागा.” फ्लॉपी परत देवघरात.

तो काही खास दिवस नव्हता. रोजचंच होतं. आज सडा टाकताना आठवलं, इतकंच. दोन वर्षं झाली यांना जाऊन. गणपतीशिवाय मी एक दिवस मशीन सुरू केलं नाही.

वही काढली ती आजच्या गोष्टीसाठी. चंपतराव आले होते. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं काम माझ्याकडं होतं, ते काढून घ्यायला आले. मुलीची आधी एक सोयरीक मोडली होती, त्याबद्दल त्यांनी मेहुण्याला पत्र लिहिलं होतं, माझ्याकडूनच टाईप करून घेतलेलं. आता नव्या पाहुण्यांना ते सगळं आधीच माहीत.

“बयनाबाई, मशीन बोलत नाही,” ते म्हणाले. “माणूस बोलते.”

“मी कोणाजवळ बोलली नाही, चंपतराव.”

“मग तुमच्या भिंतीनं सांगतलं असंन.”

चहा न घेता गेले. उन्हाळ्यापासून हातचं काम जायची ही तिसरी वेळ. आंध्रातल्या या गुडीहत्नूरमध्ये मराठी टाईप करणारं दुसरं कोणी नाही म्हणून लोक येतात. आणि येतात ते बायोडाटा, रुसवेफुगवे, जुनी दुखणी घेऊन. इथं विश्वास गेला की मशीन म्हणजे नुसतं लाकडी टेबलावरचं वजन.

मी शाळेत तिसरीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि यांनी टाईप केलेल्या अर्जांवर झालं. मशीनवरची बोटंही यांनीच बसवली. तोंड बंद ठेवायचं मात्र कोणी शिकवावं लागलं नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

शकुबाई लेकीला घेऊन आली. लेक रुख्मिणी, सव्वीस वर्षांची. नवरा गेल्या साली हायवेवर ट्रकखाली गेला. पदरात चार वर्षांची छबू. सासरा केशवराव तामसीचा, कापसाची शेती, माणूस वाईट नाही पण एकुलता एक मुलगा गेलेला, नातीत जीव अडकलेला. रुख्मिणी माहेरी आहे आणि नात आठ दिवस इकडं, आठ दिवस तिकडं.

रुख्मिणीसाठी यवतमाळकडचं एक स्थळ आहे. बायोडाटा हवा. “जमेपर्यंत सासऱ्याच्या कानावर नाही गेलं पायजे, मावशी,” रुख्मिणी म्हणाली. “मी सोता जाऊन सांगीन. पन जमल्यावर. आधी कळलं तर छबूले धाडनार नाहीत.”

मी देवघराकडं हात केला. त्यांनी बघितलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

शेवटी रुख्मिणीनं बायोडाटात एक अट घालायला लावली: मुलगी दर सुट्टीत आजोबांकडं राहील, हे कबूल असेल तरच पुढं बोलावं. शकुबाई म्हणाली, अशा अटीनं स्थळ पळून जाईल. रुख्मिणी म्हणाली, पळू दे.

दुपारी भाऊजी आले. सुधाकरराव, यांचे धाकटे भाऊ. आदिलाबादला त्यांचा छापखाना आहे. माझं टाईप केलेलं दर गुरुवारी फ्लॉपीवर घेऊन जातात, छापून पाठवतात. या वेळी तीन पत्रिका होत्या. रुख्मिणीचं काही त्या फ्लॉपीत घातलं नाही, ते इथंच छोट्या प्रिंटरवर काढून दिलं. भाऊजी म्हणाले, “वयनी, कामं वाढून राह्यले. बरं हाय. कोनी येते-जाते, लक्ष ठेवत जा.” यांच्या पश्चात तेवढंच एक माणूस विचारपूस करणारं.

१८ ऑक्टोबर, सोमवार

काल केशवराव आले आणि छबूला घेऊन गेले. इकडचे आठ दिवस अजून व्हायचे होते. शकुबाईच्या दारात उभं राहून म्हणाले, “यवतमाळले न्याचं असन तर सुनेनं जावं. नात माझी हाय.” यवतमाळ म्हणाले. ते नाव त्यांना कोणी सांगितलं?

शकुबाई आज माझ्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्यावरूनच परत फिरली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मशीनसमोर बसले आहे. मी काही टाईप करत नाही, तरी डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो. थांबतो. पुन्हा लुकलुकतो. असं ते आधीपासून होत असेल, मी कधी बघितलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, दसरा

मशीनची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, गणपती. दिवा लुकलुकतोच आहे.

२३ ऑक्टोबर, शनिवार

गुरुवारी आदिलाबादला जाऊन कॉम्प्युटर क्लासच्या राजेशम सारांना भेटले होते. ते तेलुगू, मी मराठी, दोघं हिंदीत बोलतो. ते आज येऊन गेले.

बराच वेळ काळ्या पडद्यावर काहीबाही लिहीत राहिले. मग खुर्ची मागं सारून म्हणाले, “अम्मा, इसमें कोई बैठा है.”

मी आधी डब्यामागं वाकून बघितलं. मग त्यांनी समजावलं. एक बारका प्रोग्राम आहे. मी जे जे बोट दाबते ते ते तो लपवलेल्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. कोणतीही फ्लॉपी घातली की त्या फाईलची नक्कल गुपचूप तिच्यावर चढते. फ्लॉपी ज्याच्या हातात, त्याला सगळं वाचता येतं. त्यांनी ती फाईल उघडून दाखवली. त्यात चंपतरावांचं पत्र. रुख्मिणीचा बायोडाटा, तिनं आधी सांगितलेलं आणि मग पुसायला लावलेलं वाक्यसुद्धा. जे पुसलं तेही त्यानं ठेवलं होतं.

“फ्लॉपी किसको देते आप?”

मी म्हटलं, छापायला जाते. कोणाकडं, ते सांगितलं नाही. घरच्या माणसाचं नाव अशा गोष्टीत परक्यापुढं काय घ्यायचं? छापखान्यात दहा हात असतात.

सारांनी तो प्रोग्राम काढला. माझ्या कामाच्या सगळ्या फ्लॉप्या तपासल्या, पुसल्या. “और कोई फ्लॉपी डालते क्या?”

“नाही.”

२४ ऑक्टोबर, रविवार

हलकं वाटलं. पहाटे उठून घर सारवलं, गणपती लावून मशीन सुरू केलं. लाल दिवा शांत होता. दुपारपर्यंत शांत होता. मग लुकलुकला.

२७ ऑक्टोबर, बुधवार

सार पुन्हा आले. तो परत आला आहे, जसा होता तसा.

“ये खुद नहीं आता, अम्मा. कोई लाता है. घर में कौन आता?”

कोणी नाही. शेजारची सोजरबाई विरजण मागायला येते, तिला बटण कुठलं तेही माहीत नाही. मग एक वाईट विचार आला, तो इथं लिहिते: हे सारच तर नाहीत? काढायलाही हेच, बघायलाही हेच. ते पैसे घ्यायला तयार नाहीत, यानं तर माझा संशय वाढलाच. चांगल्या माणसाकडं असं बघायची वेळ आली. ते सोमवारी येऊन सगळंच पुसून नव्यानं भरणार आहेत.

शकुबाईकडं गेले होते. रुख्मिणी तामसीला जाऊन दारातून परत आली. छबूला दाखवलंसुद्धा नाही. “ती आतून हाका मारत व्हती,” एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. यवतमाळचे लोक तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतील म्हणे. पोरीशिवाय ती हो म्हणणार नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊजींना सांगितलं, मशीनमध्ये काही शिरलं आहे. ते हसले. “जुनं मशीन हाय वयनी, त्याले खोकला झाला असन.” मग म्हणाले, हे आता तुमच्यानं होत नाही, मशीन आदिलाबादला हलवू, तुम्हीही चला, मागची खोली रिकामी आहे. मी म्हटलं बघू. चहा पिताना त्यांनी केशवरावांचा विषय काढला. म्हणाले, म्हातारा बिचारा नातीसाठी रडतो.

भाऊजींचं मन मऊ आहे.

२ नोव्हेंबर, मंगळवार

काल सारांनी मशीन कोरं करून नव्यानं भरलं. जाताना मला एक ओळ शिकवली. काळ्या पडद्यावर ती लिहायची. तो असेल तर फाईलचं नाव येतं, नसेल तर काही येत नाही. आज सकाळी गणपती लावून मुहूर्त करायचा होता. पण पहाटेच बेल्लमपल्लीहून निरोप आला, चुलत दीर अमृतराव गेले. खाणीत जन्म काढला, छातीनंच गेले. दहा दिवसांचं सुतक. देवघराला हात लावायचा नाही. दिवाळीही गेली.

४ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवसांनी मशीन सुरू केलं, नुसतं बटण दाबून. पडदा निळा झाला, गणपती नाही. चप्पल न घालता बाजारात गेल्यासारखं वाटलं. सारांची ओळ लिहिली. काही आलं नाही.

सुतक भाऊजींनाही आहे, पण छापखाना बंद ठेवत नाहीत. फ्लॉपी घेऊन गेले.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

लोकांच्या दारात दिवे. माझ्या दारात नाही. ओळ लिहिली. काही नाही. लाल दिवा शहाण्यासारखा शांत.

१० नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. बहुतेक गेला. परवा सुतक फिटतं. फिटलं की आधी गणपतीला दूधपाण्यानं... फ्लॉपीला पाणी कसं लावणार, कुंकू लावीन.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी घर धुतलं, देव घासले, गणपती लावला. हात जोडले. मग सवयीनं ओळ लिहिली.

नाव आलं.

मी फ्लॉपी हातात धरून खाली बसले. सारांनी विचारलं होतं, और कोई फ्लॉपी? आणि मी नाही म्हटलं होतं. खोटं बोलले नव्हते. तो देव होता. त्याला मी फ्लॉपीत कधी मोजलंच नव्हतं.

१३ नोव्हेंबर, शनिवार

स्वयंपाक केला नाही. फ्लॉपीवर यांच्या अक्षरात ‘श्री गजानन’ लिहिलं आहे. श्रीची वेलांटी यांची, दुसऱ्या कोणाची नाही.

मग यांनीच बसवलं का ते? मी काय टाईप करते हे वाचत होते? मी शिकत होते तेव्हा चुका बघायला? की दुसरं काही? दुपारभर हेच. एकवीस वर्षं ज्यांच्या ताटात जेवले त्यांच्याबद्दल विचारायला आज कोणी नाही. यांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. मग लाज वाटून सरळ केला.

१४ नोव्हेंबर, रविवार

यांची फ्लॉपी काळी होती. ही निळी आहे.

दोन वर्षं रोज हातात घेतली आणि आज दिसलं. यांच्या मासिक श्राद्धाच्या सुमारास गणपती पडद्यावर अर्धाच येऊ लागला होता. भाऊजी म्हणाले होते, “दादाची आठवण हाय, खराब होऊ नये. मी नवी करून देतो.” आठवड्यानं आणून दिली, तोवर मी मशीन बंदच ठेवलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला गेले होते, मोठी असून.

लेबलचा कोपरा नखानं उचलला. खाली दुसरं लेबल होतं, छापखान्याचं. यांचं लेबल जुन्या फ्लॉपीवरून सोडवून वर डकवलेलं.

तेव्हा कळलं ते असं: अक्षर यांचं आहे, फ्लॉपी नाही. यांच्याबद्दल जे मनात आलं होतं त्याची मी यांच्या फोटोसमोर माफी मागितली. मग रडले. सुतकातही इतकी रडले नव्हते.

पण भाऊजींनाही कोणी तरी फसवलं असेल. छापखान्यात दहा हात असतात. माणसावर उगीच आळ घ्यायचा नाही, मला तो अनुभव आहे.

१७ नोव्हेंबर, बुधवार

या आठवड्यात एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. मशीन बिघडलं म्हणून सांगितलं. त्याला आत बसू दिलं आहे, मुद्दाम. आज त्याच्यासाठी टाईप केलं.

असं काही हवं होतं जे दुसऱ्या कोणालाच माहीत नाही, आणि ज्यानं दुसऱ्या कोणाचं नुकसान होणार नाही. म्हणून स्वतःचाच बायोडाटा लिहिला. वधू: श्रीमती बयनाबाई. वय चव्वेचाळीस. विधवा, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर. मराठी टायपिंग येतं. इथवर बोटं सरळ चालली. मग ‘अपेक्षा’ आली.

काहीतरी घालायचंच होतं. लिहिलं: सकाळी उठून स्वतःचं काम स्वतः पुसून ठेवणारा. चहात साखर कमी. बोलताना चष्मा कपाळावर सारणारा. बायकोला शिकवताना न हसणारा.

लिहून झाल्यावर पुसून टाकलं. तो पुसलेलंही ठेवतो.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊजी आले. एक जुनी पत्रिका फ्लॉपीवर घालून दिली. पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला, ते त्यांनी बघितलं. “थंडी पडून राह्यली,” म्हणाले.

२० नोव्हेंबर, शनिवार

कोणी आलं नाही. दारावर सायकल थांबली की मी हातातलं टाकून उठते. मला हवं आहे की कोणी येऊ नये. आणि कोणी आलं नाही तर छबूचं काय?

रुख्मिणीनं यवतमाळला नकार कळवायचं ठरवलं आहे. मी तिला म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. काऊन थांबू, असं तिनं विचारलं नाही. माझ्यावर तिचा अजून विश्वास आहे की विचारायची ताकद उरली नाही, कळलं नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार. आणि पुढचं.

भाऊजी आले, बरोबर जाऊबाई, रेणुका. ती कधी येत नाही. तिनं चहाला हात लावला नाही.

“वयनी,” भाऊजी म्हणाले, “दादाले जाऊन दोनच सालं झाले. मानसानं काही इचार करावा.”

“कशाचा?”

“लोकं बोलून राह्यले.”

“कोन लोकं?”

“गावातले.”

“गुडीहत्नूरचे की आदिलाबादचे?”

रेणुकाला राहवलं नाही. पदर तोंडाला लावून हसली. “चष्मा कपायावर सारनारा पायजे म्हने, बाई. असा कुठून आनाचा? ऑर्डर द्या लागन.”

भाऊजींनी तिच्याकडं बघितलं. उशीर झाला होता.

“रेणुका,” मी म्हटलं, “ते मी कोनाले दाखवलं नाही. छापलं नाही. लिवलं अन् पुसलं. फक्त याच्या पोटात हाय.” मशीनवर हात ठेवला. मग देवघरातून निळी फ्लॉपी काढून भाऊजींपुढं ठेवली, लेबल सोडवलेली.

बाहेर सोजरबाई बकरीला हाकत होती.

“तुमच्या भल्यासाठीच वयनी,” भाऊजी म्हणाले. “एकटी बाई. परके मानसं येतात-जातात. उद्या काही झालं असतं तर दादाले काय तोंड दाखवलं असतं? लक्ष ठेवनं माझं काम व्हतं.”

“अन् चंपतरावच्या पोरीवर? अन् रुख्मिणीवर?”

“केशवराव माझ्या बसन्या-उठन्यातला मानूस. त्याले अंधारात काऊन ठेवू?”

“शेवटची अट वाचली व्हती? सुट्टीत पोरगी आजोबाकडं राहीन, ते?”

“...वाचली.”

“त्याले सांगतली?”

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. मला वेगळंच लागलं होतं.

“भाऊजी, तुमी ते अपेक्षा वाचल्या. घरी बसून दोघं हसले. तुमाले तुमचा भाऊ ओळखू नाही आला?”

रेणुकाचा पदर तोंडावरून खाली आला. भाऊजींना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, जिथं यांचा फोटो आहे, आणि लगेच तिथूनही फिरवलं.

“सकाळच्या गाडीनं तामसीले चाला,” मी म्हटलं.

“मी तिथं काय बोलू?”

“जे अर्धं सांगतलं ते पुरं सांगा. कुठून वाचलं तेही सांगा. मग म्हातारा तुमाले काय म्हनायचं ते म्हनन. नाही आले तर ज्यांच्या पत्रिका तुमी छापता, त्या एकेकाच्या दारात मी जाईन.”

रेणुका उठली आणि थंड झालेला चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून दिवा लावला. निळी फ्लॉपी राजेशम सारांना देण्यासाठी पिशवीत टाकली, मशीन पुन्हा कोरं करायलाही त्यांनाच सांगायचं होतं, यांचं लेबल तेवढं देवघरात ठेवलं. सकाळच्या गाडीला भाऊजी उभे होते. तामसीला केशवरावांच्या ओसरीवर ते बोलले, मान खाली घालून, सगळं. केशवरावांनी त्यांना पाणी विचारलं नाही. मला ती अट दोनदा म्हणायला लावली. मग आत जाऊन नातीचे कपडे स्वतःच्या हातानं गाठोड्यात बांधले आणि म्हणाले, सुनेले सांगजा, उन्हाळ्यात मी सोता घ्याले येईन. मी छबूला घेऊन दुपारच्या बसमध्ये बसले. गुडीहत्नूर येईपर्यंत ती माझ्या मांडीवर झोपली होती. तिला रुख्मिणीच्या हातात दिलं आणि घरी येऊन, फ्लॉपी न घालता, मशीन सुरू केलं.